कोकण पाहा ना जरा

शाळेतली खिचडी वाटून झाली, पातेली घासून पालथी घातली, की ती पदराला हात पुसत स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहायची. आत कधी यायची नाही. एक पाय उंबऱ्यावर, मान जराशी वाकडी, आणि मग ठरलेलं वाक्य, "मॅडम, कोकण पाहा ना जरा."

कोकण पाहायचं म्हणजे तिथलं हवामान वाचून दाखवायचं. आमची शाळा वर्धा जिल्ह्यात, तळेगावहून हायवे सोडून आत गेलं की लागणाऱ्या एका लहान गावातली. समुद्र इथून इतका लांब, की भूगोलाच्या तासाला मला तो निळ्या खडूनं फळ्यावर काढावा लागतो. इथले लोक आभाळाकडे बघतात ते आपल्या कपाशीसाठी आणि संत्र्यासाठी. ही एकटी बाई अशी, की मी विदर्भाचा अंदाज वाचू लागले तर हातानंच पुढे चला म्हणून खूण करायची.

पेपरात कोकणाला दोन ओळी असत. मग मी मोबाइलवर शोधायला लागले, तिथं जरा ऐसपैस माहिती मिळायची. दक्षिण कोकणात तुरळक ठिकाणी मध्यम पावसाची शक्यता, किनारपट्टीवर सोसाट्याचा वारा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, वगैरे. ती अगदी मन लावून ऐकायची. तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कोणाच्या घरी, असं तिनं एकदा विचारलं होतं. मी विज्ञानही शिकवते, तरी 'कुठंतरी' एवढंच म्हणाले. 'शक्यता' या शब्दावर तिचा भारी राग. शक्यता तर कोणीही सांगेल, त्यासाठी एवढी मशिनं कशाला पाहिजेत, असं तिचं म्हणणं.

मुलं तिला काकू म्हणत, म्हणून आम्हीही काकूच म्हणायचो. तिचा नवरा ट्रक चालवायचा. संत्र्याचा माल घेऊन कोकणात गेला आणि तिथंच राहिला. समुद्राच्या काठाला त्यानं चहा-नाश्त्याचं दुकान टाकलं, मागे राहायला खोली बांधली आणि त्या खोलीत दुसरी बाई आणली. हे सगळं गावाला त्याच्याच जोडीदार ड्रायव्हरकडून कळलं. त्यानं मोबाइलमध्ये फोटोही आणला होता. नवरा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर नव्याकोऱ्या टिनाचं छप्पर, मागे समुद्र. काकूनं तो फोटो बोटांनी मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला, असं ड्रायव्हरच सांगत होता.

एवढं होऊनही ती रोज त्या माणसाच्या मुलखाचं हवामान विचारते, याचं गावाला फार कौतुक. आमचे हेडमास्तर म्हणायचे, बघा मॅडम, याला म्हणतात निष्ठा. शाळा समितीचे अध्यक्ष, ज्यांचं गावात किराणा दुकान आहे, ते तर गिऱ्हाइकांना तेल मोजून देता देता तिचं उदाहरण द्यायचे. दुसऱ्याच्या बायकोची निष्ठा पुरुषांना किती आवडते, हे तुम्हीही पाहिलंच असेल.

तिच्या या रोजच्या विचारण्याची सुरुवात कशी झाली ते मात्र फक्त मला माहीत होतं. तिची सासू अंथरुणाला खिळली होती. तिचं हगणं-मुतणं, खाणं-पिणं सगळं काकूनंच केलं. माघ महिन्यात म्हातारी गेली. मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, इकडे धो धो पाऊस आहे, रस्ते बंद आहेत, येता येत नाही. गावानं मान डोलावली. कोकणात बाराही महिने पाऊस पडतो असा आमच्याकडे समज आहे. दिरानं आग दिली आणि विषय मिटला. तेरवी झाल्यावर ती शाळेत आली आणि पहिल्यांदा मला म्हणाली, कोकणात पाऊस आहे का ते पाहा ना जरा. मी पाहिलं. महिनाभर हवामान कोरडं होतं, पावसाचा एक थेंब नाही. मी तिला तसं सांगितलं. ती चुलीजवळ जाऊन राख काढत बसली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दाराशी आली. मग रोज यायला लागली.

मलाही आधी वाटायचं, काळजीच असेल. माणसाचं मन विचित्र असतं. म्हणून मी वाचताना शेवटी आपलं एखादं वाक्य जोडायची, वारा नाही हं काकू, सगळं ठीक आहे. एकदा असंच म्हटलं आणि तिचा चेहरा पडलेला मला स्पष्ट दिसला. स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. मी विचारलं, काकू, तुम्हाला नेमकं काय ऐकायचं असतं?

ती म्हणाली, "त्यानं म्हटलं ना पाऊस हाये, मंग येऊ द्या. टिनाचं घर हाये त्याचं. एक वारं पुरते."

मीठ किती घातलं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात तिनं हे सांगितलं आणि ती भांडी लावायला निघून गेली. मला तिचा राग यायला हवा होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या दिवसापासून मी शेवटचं वाक्य जोडणं बंद केलं आणि वारा असला की तो जरा ठसक्यात वाचायला लागले. इतकंच नव्हे, तर घरी गॅसवर दूध ठेवून मी स्वतःच कोकणातलं हवामान पाहत बसायची. माझा नवरा विचारायचा, आपलं कोण आहे तिकडे? मी म्हणायची, एक टिनाचं छप्पर आहे.

काही वर्षं नुसतीच शक्यता गेली. मग एका जुलैत, आमच्याकडे ढग नुसते येऊन जात होते तेव्हा, तिकडे रेड अलर्ट लागला. त्या दिवशी ती दाराशी तीनदा आली. तिसऱ्यांदा मी तिला मोबाइलवरची चित्रं दाखवली, आडवी झालेली माडाची झाडं, रस्त्यात पडलेले खांब. ती तोंडाला पदर लावून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या घरचा गूळ आणून खिचडीबरोबर गोड भात केला. हेडमास्तरांनी विचारलं, आज काय विशेष? ती म्हणाली, असंच. पोरांनी ताटं चाटून पुसून साफ केली. मी दोनदा मागून घेतला.

तिचं वारं खरंच त्याच्या घरी गेलं होतं. दुकान झोपलं, मागची खोली झोपली आणि हा त्याखाली सापडला. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं निकामी झालं. दवाखान्यातून सोडल्यावर दीर गाडी करून गेला आणि त्याला उचलून गावी घेऊन आला. उचलताना त्या दुसऱ्या बाईला कोणी विचारलं नाही. इथं आणून काकूच्या ओसरीवर बाज टाकली, त्यावर त्याला निजवलं, तेव्हा हिलाही कोणी विचारलं नाही. सगळं गाव जमलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुमची तपश्चर्या फळाले आली." बायांनी डोळे पुसले. ती दारातच उभी होती. एवढी वर्षं गावानं तिच्या गळ्यात निष्ठेचं जे लोढणं बांधून ठेवलं होतं, ते त्या क्षणी खाली टाकणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती आत गेली आणि पाणी तापवायला ठेवलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. आजच्या काळातली सावित्री, असं हेडमास्तर माइकवर म्हणाले. सावित्रीनं शाल घडी करून पिशवीत घातली आणि खिचडी लागेल म्हणून लगबगीनं चुलीकडे गेली.

तेव्हापासून ती माझ्या दाराशी यायची बंद झाली. सकाळी त्याचं सगळं उरकून यायची, दुपारी पळत घरी जायची. हात सोलवटलेले, डोळे आत गेलेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस मात्र पुन्हा उंबऱ्यावर पाय दिसला. ती म्हणाली, फोनवर ते कोकण कसं लावतात ते मला शिकवा. मला वाटलं, पुन्हा सुरू झालं. आता कोणासाठी, असं मी विचारलं.

"त्याले पायजे," ती म्हणाली. "सांज झाली का इचारते, तिकडे काय सांगून राह्यले. तिच्या डोक्यावर छप्पर नाई म्हणते, पन्नी बांधून राह्यते ते. पाऊस हाये म्हटलं का हा रडते लेकरावानी."

मी तिचा मोबाइल हातात घेतला. तो लावून देईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग ती जे बोलली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"मले वाटे हा मानूसच नाई, याले काळीज नाई. हाये मॅडम. त्याले सगळं हाये. माह्यासाठी कोणं कधी आभाळ नाई पाह्यलं."

रागावर ती इतकी वर्षं जगली होती. तो रागही आता त्या माणसानं तिच्याकडे ठेवला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तिनं रजा मागितली. आयुष्यातली पहिली रजा. संत्री निघाली होती, कोकणाकडे माल चालला होता. तिनं त्या जुन्या जोडीदार ड्रायव्हरला गाठलं, ट्रकच्या केबिनमध्ये मागच्या फळीवर गादी टाकली, नवऱ्याला निजवलं आणि स्वतः पुढे बसली. दीर रस्त्यात आडवा आला तेव्हा ती त्याला म्हणाली म्हणे, तुझ्या घरी ठेवतो का, ठेवत असशील तर आत्ता उतरवते. तो बाजूला झाला.

परत आल्यावर तिनं मला हकीकत सांगितली. ती दुसरी बाई वाळून काळी ठिक्कर पडलेली, प्लॅस्टिकच्या पन्नीच्या खोपटातून बाहेर आली. आधी तिनं त्याला पाहिलं, मग हिला पाहिलं आणि हिच्या पायावर डोकं ठेवायला वाकली. हिनं पाय मागे घेतले. नवऱ्यानं हिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, त्या बाईला म्हणाला, तू जेवली का? मी विचारलं, समुद्र पाहिला का काकू? पाहिला म्हणाली, वास येतो. आणि वारा? ती म्हणाली, "होतं ना. आंगाले बरं वाटलं."

त्यानंतर गावानं आपलं खरं तोंड दाखवलं. घरी आलेल्या नवऱ्याला सवतीच्या दारात टाकून आलेली बाई, असं तिचं नवं नाव पडलं. शाल देणाऱ्या त्याच अध्यक्षांनी समितीत ठराव मांडला, की अशा बाईच्या हातचं लेकरांनी खाऊ नये. कागदावर अर्थात तसं लिहिलं नाही, काम बचत गटाला दिलं एवढंच लिहिलं. मी बैठकीत बोलले, चांगली मोठ्यानं बोलले. मॅडम, तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला इथलं काही समजत नाही, असं मला सांगण्यात आलं. हेडमास्तर पूर्ण वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत होते. ती बाहेर व्हरांड्यात उभी राहून सगळं ऐकत होती. निकाल कळला तशी तिनं चुलीतलं लाकूड ओढून विझवलं आणि चालू पडली.

घर नवऱ्याच्या नावाचं. दिरानं पंधरवड्यातच त्याला आपलं कुलूप लावलं. ती हिंगणीला बहिणीकडे गेली असं ऐकलं. मी एकदा तिथं जाऊन आले. बहीण म्हणाली, होती काही दिवस, मग कुठंतरी कामाला लागते म्हणून गेली, कुठं ते सांगून गेली नाही. फोन लागत नाही. ज्या गावानं तिला देव्हाऱ्यात बसवलं, त्याच गावानं तिला हाकललं, याची चीड मला अजून येते आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

परवा हळदीकुंकवाला अध्यक्षांच्या घरी जावं लागलं. त्यांची म्हातारी आई नव्या नातसुनेला जवळ बसवून काकूची गोष्ट सांगत होती. नवरा कसा परमुलखात गेला, ही कशी रोज तिथल्या वाऱ्यापावसाची चौकशी करायची, आणि शेवटी देवानं त्याला कसं हिच्या दारात आणून ठेवलं. पोरगी शिकलेली होती, डोळे मोठे करून ऐकत होती. तिनं विचारलं, मग पुढे काय झालं आजी?

म्हातारीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "पुढं काय व्हाचं बाई? नवरा घरी आला."