बिट्टीचं कुंपण

डॉक्टर त्र्यंबकराव बागेत शिरले की आधी एखादं पान तोडून चावत. कडू लागलं तर तोंड वाकडं करून थुंकत आणि पुढच्या झाडाकडे वळत. ते सरकारी दवाखान्याचे मुख्य आणि गावच्या बाग कमिटीचे अध्यक्ष. मी त्यांचा कंपाउंडर, म्हणून दोन्हीकडे मागे पळायचं माझ्या कपाळी आलेलं. मला बागेत काडीचा रस नव्हता. त्यांना मात्र खाटेवरच्या रोग्याइतकीच वाफ्यातल्या रोपांची काळजी असे.

बागेला बकऱ्यांचा भारी जाच होता. गुलाबाला धुमारा फुटला की सकाळी नुसता दांडा उरे. भिंत की तार यावर कमिटी काथ्याकूट करत बसली, तेव्हा डॉक्टरांनी बिट्टी लावायचं ठरवलं. पिवळ्या फुलांचं हे झाड विषारी, जनावर त्याला तोंड लावत नाही. शिवाय बायकांना महादेवाला फुलं मिळतील. पोरंबाळं खेळतात तिथे, अशी एका सभासदाने शंका काढली. डॉक्टर हसले.

"जे बकरी खात नाही, ते माणूस काऊन खाईन?"

पुढे ते वाक्य त्यांनी गावभर ऐकवलं. कुंपण वाढलं, गुलाब वाचले, आणि साहेबांची मान जरा जास्तच ताठ झाली.

मग एका सकाळी बागेचा माळी सुखदेव आपल्या लेकीला, गंगूला, खांद्यावर टाकून दवाखान्यात धावत आला. पोरींनी कुंपणाआड बाहुलीचं लग्न लावलं होतं. गंगू विहीणबाई. विहिणीला सुपारी हवी म्हणून पोरींनी बिट्टीची बी फोडून दिली, आणि मानाची सुपारी म्हणून हिने ती चावून गिळली.

उरलेला तुकडा सुखदेवने पुढे केला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. आम्ही नळी घालून पोट धुतलं, इंजेक्शन दिलं. नाडी मंद चालत होती, मध्येच ठोका चुकत होता. डॉक्टर मनगट धरून बसले ते उठेचनात. ठोका चुकला की त्यांचाही श्वास थांबे. दाराशी तिची आई चंद्रभागा उभी होती, रडतही नव्हती. मला साहेबांचा संताप येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. दिवेलागणीला नाडी सावरली.

कमिटी भरली. माळ्याला पोर सांभाळता येत नाही, त्याला काढा, कुंपण राहू द्या, असा सूर निघाला. डॉक्टर उभे राहिले.

"सुखदेवले काऊन काढता? कुंपण मी लावलं. मले काढा."

त्यांनीच अध्यक्षपद सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सुखदेवबरोबर कुदळ घेऊन बिट्टी मुळासकट उपटली. बकऱ्यांनी लवकरच गुलाबांचा फडशा पाडला. सभासद टोमणे मारत, डॉक्टर ऐकून घेत. पान चावणं मात्र कायमचं सुटलं. संध्याकाळी बागेत जात ते फक्त गंगूची नाडी बघायला. पोरगी केव्हाच हुंदडायला लागली होती, तरी बघत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. नागपूरहून डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आला. शेगाव स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. डॉक्टर डब्यात बसले, खिडकीतून हात काढून त्यांनी गंगूचं मनगट धरलं. शिटी झाली तरी सोडीनात.

चंद्रभागा पुढे झाली. आमच्यासमोर ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

"सोडा आता, साहेब. पोरगी बरी हाये."

गाडी हलली, तेव्हा कुठे त्यांची बोटं सुटली.