नातीचा ताप

आमच्या गावात दोन पुरे, म्हणजे वस्त्या आहेत, वरचा आणि खालचा. मागे त्यांच्यात मोठा दंगा झाला, घरं जळाली. तेव्हा दर्यापूरच्या डॉक्टरांनी दोन्हीकडच्या लोकांची फुटलेली डोकी शिवली. पुढे ते निवडणुकीला उभे राहिले आणि जिल्हा परिषदेत निवडून आले. आता दवाखाना त्यांची बायको पाहते आणि ते सरकारी शाळेसाठी दारोदार फिरतात.

शाळा आमच्या वरच्या पुऱ्यात. दंग्यापासून खालची लेकरं तिथे येत नव्हती आणि वरची बरीचशी इंग्रजी शाळेत जात होती. तिथल्या बाया डॉक्टरांना म्हणाल्या, आधी वरच्यांची लेकरं बसू द्या, मग आमची पाठवू. म्हणून ते आमच्या अंगणात आले. मी मोगऱ्याचे गजरे करत होते.

"मावशी, तुमची नात येईन ना आपल्या शाळेत?"

मुलानं नातीचं नाव आधीच दर्यापूरच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. पण परक्या पुरुषापुढे मला बोलणं सुचत नाही. सासरी आल्यापासून मी नुसती मान हलवते. तशी हलवली. त्यांनी तो होकार धरला आणि मी धरू दिला.

शाळा उघडली त्या दिवशी खालची लेकरं सजवलेल्या बैलगाडीत बसून आली. डॉक्टर आणि खालच्या बाया सोबत चालत होत्या. नातीला घ्यायला गाडी आमच्या दाराशी थांबली. नात तर सकाळीच व्हॅननं दर्यापूरला गेली होती.

"आमच्या लेकरांले शाळा, अन् यायच्या लेकरांले व्हॅन," खालची एक बाई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताप आहे पोरीले. मीच औषध देल्लं."

बायांना ते पटलं. गाडी पुढे गेली.

दुपारी मी मुलाला म्हटलं, पोरीला इथंच बसव. तो म्हणाला, तू चौथी शिकलेली, तुला यातलं काय कळतं.

दुसऱ्या दिवशी तीच बाई आमच्या ओट्यावर आली. दंग्यानंतर खालचं कोणी आमच्याकडे येण्याची ती पहिलीच वेळ. लोटीत गुळवेलीचा काढा होता.

"उतरला का वो पोरीचा ताप?"

मी काही बोलायच्या आत व्हॅन आली. नात टाय लावून, हसत उतरली. बाईनं लोटी ओट्यावर ठेवली.

"डॉक्टरबी तुमचेच निंगाले," एवढंच म्हणाली.

खालची लेकरं आता शाळेत येत नाहीत. डॉक्टर अजूनही तिकडे जातात, तर बाया दार लावून घेतात. ते खोटं बोलले ते माझ्यासाठी, हे मी खालच्या पुऱ्यात जाऊन सांगायला हवं. रोज सकाळी दोन्ही पुऱ्यांच्या मधल्या मारुतीच्या पारापर्यंत जाते आणि परत येते.