अळणावरच्या वाटेवर किंचाळणारे ब्रेक

सकाळी सहाला सोलापूर सोडलं आणि पहिल्याच सिग्नलला ब्रेकनं अशी किंकाळी फोडली, की शेजारचा दूधवाला मोटारसायकल थांबवून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. चारच दिवसांपूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना नव्या डिस्क आणि नवे पॅड घातले होते. जुने परवडले, निदान गप्प तरी होते. बसवणारा म्हणाला होता, "काका, नवं आहे. शे-दोनशे किलोमीटरांत आवाज जाईल." विजापूर मागे पडलं, आवाज काही गेला नाही.

गाडी माझी नव्हे, नंदाची, माझ्या बायकोची. ती बँकेत होती, मी शाळेत भूगोल शिकवायचो. पण रस्ते पाठ होते ते तिला. दरवर्षी याच दिवसांत ती गाडी काढायची, मी शेजारी बसायचो आणि आम्ही तिच्या माहेरी, धारवाडजवळच्या अळणावरला जायचो. मागच्या वर्षी नंदा गेली. त्यानंतर गाडी मी फक्त मंडईपर्यंत नेली आणि अळणावरला तर गेलोच नाही. सासूबाईंपुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हे मला कळत नव्हतं. शेवटी त्यांचाच फोन आला, "जावईबापू, गाडी घेऊनच या. दारात उभी राहिलेली बघायचीय एकदा." लेकीनं मात्र बजावलं होतं, "बाबा, ब्रेकची खात्री नसेल तर गाडी हुबळीतच सोडा. पुढे विकायचं मी बघते." म्हणजे सगळं त्या ब्रेकवर अडलं होतं.

नवलगुंदच्या पुढे काळी रानं सुरू झाली. दूरवर एखादं बाभळीचं झाड, बाकी आभाळच आभाळ. या टापूत नंदा हमखास गुणगुणायची. मी मात्र रस्त्यावरचं प्रत्येक म्हसरू बघून ब्रेक दाबत होतो आणि ब्रेक ओरडत होता. एका खानावळीसमोर थांबलो, तर आतली माणसं ताट सोडून दारात आली. मान खाली घालून मी जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि एण्णेगाई (भरलं वांगं) खाल्लं. चव फक्कड होती, पण एकट्यानं जेवायची सवय मला अजून झालेली नाही.

दोनच्या सुमारास हुबळीत शिरलो. केशवापूरच्या चौकात एका रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं. "अज्जा (आजोबा), गाडी बोंबलायलीय की तुमची. कमरीपेठेत परशुअण्णाला दाखवा जावा."

परशुअण्णाचं गॅरेज म्हणजे दोन गाड्यांपुरता पत्रा. माणूस पन्नाशीचा, सावकाश. हातातलं गिरमिट (कांदा-चिंचेत कालवलेले चुरमुरे) त्यानं मलाच पुढे केलं. "कूड्री (बसा) सर. हळू दाबल्यावर ओरडतंय काय जोरात दाबल्यावर?"

"हळू दाबल्यावर. जोरात दाबलं की गप्प."

त्यानं पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं. कुठं घासत नव्हतं. चाक काढून पिना हलवल्या, क्लिपा तपासल्या. सगळं जिथल्या तिथं. मग पॅड काढून माझ्या हातात दिला. त्याचं तोंड काचेवाणी चकाकत होतं.

"भाजलंय सर. घाट उतरून आलात?"

"विजापूरच्या रस्त्याला कुठला घाट आलाय, अण्णा?"

त्यानं सगळं परत जोडलं आणि मला गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारायला लावली. स्वतः मागे उभा राहिला. परत आलो तर म्हणाला, "जाताना तुमचा मागचा लाल दिवा एकदाबी विझला नाही. बिनक्लचची गाडी, आणि डावा पाय ब्रेकवरच आहे तुमचा. नवीन पॅड डिस्कवर नीट बसायच्या आधीच भाजून काढलेत तुम्ही."

वाकून तो माझ्या गुडघ्यांकडे बघू लागला. ते जवळजवळ स्टिअरिंगला टेकले होते. "एवढ्या पुढं बसल्यावर पाय ठेवणार कुठं? सीट मागं घ्या की." त्याचा हात सीटखालच्या दांडीकडे गेला आणि मी तो धरला.

"राहू दे, अण्णा."

मग त्याला सांगावं लागलं. नंदा बुटकी होती. ती शेवटची उतरली तेव्हा सीट जिथं होती तिथंच आहे. वर्षभर मी गुडघे दुमडून चालवली, पण दांडीला हात लावला नाही. एकदा सरकली की तिची जागा नेमकी कुठं होती ते परत कोण सांगणार?

परशुअण्णानं चाक पुन्हा उतरवलं, पॅड काढले आणि त्यांच्यावरून सँडपेपर फिरवू लागला. "अक्कांची जागा राहील हो," म्हणाला, "पण असेच तापत गेले तर एखाद्या उतारावर ब्रेक लागायचा नाही. तुम्हाला सासूबाईंकडं पोचायचंय, काय नाही?"

मी दांडी ओढली. सीट एका दमात पार मागं गेली. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

संध्याकाळी तो शेजारी बसला आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मला शिकवू लागला. वेग घ्यायचा, दमदार ब्रेक मारून वेग उतरवायचा, पण गाडी उभी करायची नाही. मग पाय पूर्ण उचलून ब्रेक गार होऊ द्यायचे. "ओत्री (दाबा)... आता बिड्री (सोडा). सर, सोडा म्हटल्यावर सोडायचं." सातव्या-आठव्या वेळी आवाज बारीक झाला, दहाव्या वेळी आलाच नाही. रिकाम्या रस्त्यावर नुसती चाकांची घरघर उरली. मला नंदाची इतकी आठवण आली, की पुढचं वळण चुकलं.

धारवाडला मुक्काम केला. सकाळी पेढे घेतले आणि अळणावरचा रस्ता धरला. सागाची झाडं सुरू झाली, हवा गार झाली. सासूबाई अंगणातच होत्या. चौऱ्याऐंशीचं वय, तरी नेहमीप्रमाणे तरातरा ड्रायव्हरच्या दाराशी आल्या आणि दार उघडलं. आत मी होतो. त्या दाराला धरून उभ्याच राहिल्या.

"आई, सीट मागं घ्यावी लागली मला," माझ्या तोंडून हेच निघालं.

"उतरा जरा," त्या म्हणाल्या. "मला बसू द्या."

पदर सावरून त्या बसल्या, हात स्टिअरिंगवर ठेवले. पाय अधांतरी राहिले. "पुढं घ्या की हो. पाय कुठं पुरतायत?"

मी वाकून दांडी धरली. सीट एकेक खाच पुढे सरकत गेली. पाचव्या खाचेला त्यांची पावलं पेडलवर टेकली.

"बास. इथं," त्या म्हणाल्या. नंदाही तिच्या आईएवढीच होती.

आठवडाभर राहून परत आलो. येताना पाय मोकळे सोडून बसलो होतो आणि सोलापूरपर्यंत ब्रेकनं हूं की चूं केलं नाही. माणूस गेलं की त्याची जागा जपावी असं मला वाटायचं. पण ती मला एकट्याला ठाऊक आहे, हा माझा गैरसमज होता. लेकीला सांगितलंय, गाडी विकायची नाही. घरी पोचल्यावर गाडी बंद केली आणि उतरण्याआधी सीट पाच खाचा पुढे घेतली.