खणातला निळा पंप

मुनीमजींनी माझ्या ओटीतून दम्याचा निळा पंप काढला, हवेत धरला आणि फुस्सकन दाबला. पुन्हा दाबला. "अत्तर हाय बाईचं. घ्या रे, लावा," म्हणाले. मिलच्या फाटकावरचे सगळे हसले. माझ्या शेजारची कौसल्याही हसली. फाटकावर मुनीमजी हसले की हसावंच लागायचं.

आमगावजवळच्या राइस मिलमध्ये मी रोजंदारीवर होते. तांदूळ चाळायचा, कोंडा पोत्यात भरायचा. सुटी झाली की प्रत्येक बाईने फाटकावर पदर झटकायचा, ओटी उलटी करून दाखवायची. तांदूळ चोरला नाही ना, म्हणून. पुरुषांचे नुसते खिसे चाचपायचे. शेठच्या पिशवीकडे तर कोणी बघायचंही नाही. हे इतकं अंगवळणी पडलं की घरी पोचल्यावरही मी दारात उभी राहून पदर झटकायचे. माझ्याच घराच्या दारात.

कोंड्याची धूळ छातीत बसली. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले. भुरा, म्हणजे तपकिरी, रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. घेतला की चूळ भरायची. निळा दम लागल्यावर. "निळा जवळच ठेवायचा, बाई," त्या म्हणाल्या. घरी सासू म्हणायची, "कायले घेतेस? सवय लागते त्याची." श्वासाची सवय मला जन्मापासूनच होती.

अत्तराच्या त्या दिवसानंतर मुनीमजींनी हुकूम काढला. पंप आत न्यायचा नाही. "नशापाणी चालत नाही इथं." सकाळी तो त्यांच्या टेबलाच्या खणात द्यायचा, लागला की येऊन मागायचा. मी मागायला गेले की ते विचारायचे, "काऊन? काम जड होऊन राहिलं का?" उत्तर दिल्याशिवाय खण उघडत नसे. बोलायलाही श्वास लागतो. मी तुटक तुटक बोलायचे आणि ते कान देऊन ऐकायचे, मजा बघितल्यासारखे.

म्हणून मी मागणंच कमी केलं. छातीत शिट्टी वाजायची, मी चाळणी हलवत राहायचे. सोडून जाणार कुठे? धान कापून झालं की आमच्याकडे बाईला मिलशिवाय काम नाही. आत दम, बाहेर उपास. मला माझी फार चीड यायची.

एका दुपारी कोंड्याची थप्पी कोसळली. पोती फुटली, समोरचं माणूस दिसेना. मी धडपडत ऑफिसात गेले. खणाला कुलूप. मुनीमजी जेवायला गेलेले, किल्ली त्यांच्या करदोट्याला. शेठ गादीवर बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "रुको जरा, मुनीमजी आते ही होंगे," आणि फुटलेली पोती बघायला बाहेर गेले.

मी जमिनीवर बसले. कौसल्या पळत गेली, मिलमागच्या माझ्या खोलीतून भुरा पंप घेऊन आली. मी दाबला, परत दाबला. काही झालं नाही. तो रोज घ्यायचा, पुढचा दम टाळणारा. आलेला दम त्याने उतरत नाही. मला ते माहीत होतं, तरी दाबत राहिले. दुसरं हाताशी काही नव्हतं.

कौसल्याने काट्यावरचं लोखंडी वजन उचललं आणि खणावर घातलं. फळी फुटली. तिने निळा पंप माझ्या तोंडाशी धरला.

मुनीमजी आले तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते. श्वास परत येत होता. "खण कोणं फोडला?" त्यांनी विचारलं. कौसल्याचा चेहरा उतरला. तिच्या घरी दोन लेकरं.

"म्या," मी म्हटलं. "माह्या श्वासाले कुलूप कायले लावलं तुमी?"

त्यांनी हात पुढे केला. पंप मागायला. मी मूठ आवळली.

"देत नाही."

त्या संध्याकाळी फाटकावर माझी पाळी आली. मुनीमजी म्हणाले, "झटक." मी पदर कमरेला खोचला आणि बाहेर पडले. मागून ते ओरडले, "उद्या येऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरा पंप घेतला, चूळ भरली. निळा काळ्या दोरीत ओवून गळ्यात घातला, पदराच्या वरून, सगळ्यांना दिसेल असा. आणि मिलकडे निघाले. कामावर ठेवायचं की हाकलायचं, ते शेठने ठरवावं. पंप मी कोणाच्या खणात ठेवणार नाही. पदर झटकणार नाही. त्यांच्या फाटकावर नाही, माझ्या दारातही नाही.