तोंड बांधलेला बुधला

माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. पण सातवी पास होते ना! दौंडात आमच्या आळीत एवढी शिकलेली सून दुसरी नव्हती, निदान माझी तशी समजूत होती, आणि ती समजूत मी कुणाला विसरू देत नव्हते. पोस्टमन आला की पुढं होऊन पाकिटावरचा पत्ता मोठ्यानं वाचायचे. पत्र शेजारच्यांचं असलं तरी.

घर स्टेशनच्या मागच्या अंगाला, भाड्याचं, दोन खोल्यांचं. हे रेल्वेत फायरमन. इंजिनात कोळसा मारायचा, मिळेल तिथं मिळेल तेव्हा खायचं, त्यामुळे पोट कायम बिघडलेलं. मामंजी भांडगावला शेतीवर असायचे. सासूबाई नणंदेला घेऊन आमच्याजवळ राहायच्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. यांच्या पोटावर आत्याबाईंचा एकच उपाय, ओवा. सकाळी ओवा, संध्याकाळी ओवा, ड्यूटीवर निघताना पुडीत बांधून ओवा. मला त्या ओव्याचा असा राग यायचा की काय सांगू! नवरा माझा आणि त्याचं पोट मात्र आईच्या ताब्यात.

अशात भिंतीपलीकडच्या खालांनी मला सिरक्याचं सांगितलं. खाला म्हणजे शेजारच्या शिंप्याची बायको, त्यांच्या परसात जांभळाचं थोरलं झाड. "जेवल्यावर चमचाभर घेतला तर दगड पचंल," म्हणाल्या. जांभळाचा रस काढायचा, थोडा गूळ घालायचा, आंबू द्यायचा, महिन्याभरात त्याचा जहाल आंबट सिरका होतो. शेवटी बजावलं, "तोंड बांधून उबेला ठेव आन् धा-बारा दिवस हात लावू नको."

आता तोंड बांधायचं म्हणजे काय, हे आळीतल्या कुठल्याही अडाणी बाईला ठाऊक होतं. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो तसं स्वच्छ फडकं बांधायचं. पण मी अडाणी कुठं होते? आरोग्याच्या धड्यात मी वाचलं होतं की हवेत जंतू असतात. फडक्यातून हवा जाते, म्हणजे जंतूही जाणार. म्हणून मी बरणी घेतलीच नाही. माहेरून आणलेला काचेचा मोठा बुधला काढला, गळ्यापर्यंत रस भरला, लाकडी बूच वरवंट्यानं ठोकून बसवलं, त्यावर मेणबत्तीचं मेण ओतलं आणि वरून सुतळीचे सात वेढे दिले. मुंगीच काय, जंतूलाही वाट ठेवली नाही. तोंड बांधण्याचा आणखी एक अर्थ मी मनानंच लावला आणि घरात कुणाला अवाक्षर बोलले नाही. महिन्यानं हे हसत घरी येणार आणि मी ओव्याची पुडी उंबऱ्याबाहेर भिरकावणार, असं सगळं माझ्या मनात ठरलेलं होतं. बुधला ठेवला बाहेरच्या खोलीत, ट्रंकेच्या मागं. ती भिंत उन्हानं तापायची.

त्याच आठवड्यात नणंदेला बघायला यायचं ठरलं. स्थळ शिरूरचं, माझ्या माहेरच्या ओळखीतलं, मीच सुचवलेलं. त्याचाही तोरा होताच. मुलगा कचेरीत कारकून. त्याचे वडील मास्तर, आणि दारूबंदीचे एवढे कट्टर की बाजाराच्या दिवशी स्टुलावर उभे राहून भाषण करायचे. ज्या घरात दारूचा वास आला त्या घरचं पाणीही पीत नाहीत, अशी त्यांची ख्याती. नणंदेनं मुलाचा फोटो पाहिला होता. पाहिला होता म्हणजे काय, तांदूळ निवडताना तो सुपातच ठेवायची. त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी भातात खडे खाल्ले.

दोन दिवस आधी आत्याबाईंनी बाहेरच्या खोलीला स्वतः चुना दिला. ट्रंक मी एकटीनं सरकवली, कुणाला हात लावू दिला नाही. "सून कामाला लागली म्हनायची," आत्याबाई म्हणाल्या. मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

रविवार उजाडला. पाहुणे न्हावऱ्यावरून येणाऱ्या एस.टी.नं चारपर्यंत पोचणार होते. हे ड्यूटीवर, मामंजी भांडगावला पेरणीत. नऊच्या सुमारास सतरंजी अंथरायची म्हणून ट्रंक आतल्या खोलीत न्यायची ठरली, तेव्हा मी बुधला पदराखाली घेऊन घाईघाईनं खिडकीत नेला आणि पडद्याआड ठेवला. नेताना तो चांगला हिंदकळला. आत काहीतरी फसफसत होतं. मला वाटलं, वा, गुण यायला लागला. खिडकीत ऊन भरभरून येत होतं.

सतरंजीचं दुसरं टोक मी ओढतेय तोच, धुक्यात ड्रायव्हरला इशारा म्हणून रुळावर ठेवतात तो फटाका फुटावा तसा आवाज झाला. बूच पत्र्यावर आदळलं, बुधल्याचा गळा तुटून सतरंजीवर पडला आणि लालभडक रसाचं कारंजं पांढऱ्याशुभ्र भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उडालं. उरलेलं माझ्या डोक्यावर. वास तर असा सुटला की वाटावं, इथं वर्षभर भट्टी लागतेय. आणि भिंतीवरचे ते लाल डाग बघता बघता निळे झाले, मग हिरवट. ताज्या चुन्याला जांभूळ लागलं की रंग बदलतो, हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं.

आत्याबाई चुलीपासून उठून आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आधी भिंत बघितली, मग मला. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होते.

"काच पायात गेली का?"

"नाही."

"मग हाय तिथंच थांब. हलू नगंस."

एवढंच. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि सांगते, माझ्या सुनेनं असं केलं असतं तर पहिला प्रश्न मला हा सुचला नसता.

नणंद मात्र केस मोकळे सोडून धावत आली आणि भिंत बघून तिनं गळाच काढला. "वैनी, माझं लगीन मोडलंत तुम्ही! आता मास्तर पानीबी पिनार न्हाईत!"

"रडायचं आसंल तर न्हाणीत रड," आत्याबाई म्हणाल्या. "हितं आधीच वल हाय." मग माझ्याकडे वळून, "काय व्हतं त्यात?"

"सिरका."

सिरका म्हटल्यावर तो कुणाकडून आला ते त्यांनी ओळखलं. भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "ओ भाभी! वायच या हिकडं. तुमच्या चेलीनं भट्टी लावलीया."

खाला हात पुसत आल्या, फुटक्या बुधल्याच्या तळाचा वास घेतला आणि दोन्ही कानांना हात लावले. "तोबा! ह्यो सिरका कुठला? सिरका व्हायला अजून तीन हप्ते पायजेत. आज हाय ती दारूच!" मग सुतळी बघितली, मेण बघितलं. "अगं पोरी, मी तोंड बांध म्हनले. गळा दाब न्हाई म्हनले."

आत्याबाई हसल्या. त्या परिस्थितीत हसल्या! मग पदर खोचला.

आत्याबाईंचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. रोज नव्या माळावर मुक्काम, आणि पाऊस असो वा लांडगा, सकाळी बिऱ्हाड पुन्हा घोड्यावर. शेती नंतर आली. घाबरायला त्यांना कधी सवडच मिळालेली नव्हती. विखुरलेली मेंढरं वळवावीत तशी त्यांनी ती खोली वळवली. आधी काच. मोठे तुकडे सुपात, आणि बारीक कच उचलायला कणकेचा ओला गोळा, तो फरशीवर दाबत दाबत न्यायचा. मग ओल. चुलीतली राख सगळ्या फरशीवर पसरली, तिनं रस पिऊन घेतला, तेवढी झाडून काढली, वर चुन्याचं पाणी मारलं. सतरंजी खालांनी उचलली आणि आपल्या विहिरीवर नेली.

मला वाटलं, आपणही काही करावं. ओलं फडकं घेऊन भिंतीवरचा एक डाग पुसायला लागले. रुपयाएवढा डाग परातीएवढा झाला.

"आगं शाणे, ठिव ते!" आत्याबाई ओरडल्या. त्या दिवसातली ती पहिली आणि शेवटची ओरड. "जितकं पुसशील तितकं पसरंल."

मग त्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. चुना घमेल्यात उरला होता, पण एका हातानं ते डाग दबणारे नव्हते, हे मलाही दिसत होतं. निळे निळे डोळे पांढऱ्यातून डोकावलेच असते. साडेअकरा झाले होते.

"भिंत पांढरी व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. "मग डागाला भिताडासारखं करन्यापरीस भिताडच डागासारखं करू. नीळ आन."

चुन्यात चिमूटभर नीळ घालायची आपली रीत. त्यांनी अख्खी पुडी ओतली. खालांनी घरून आपली पुडी आणली, तीही गेली. चारी भिंतींना दोघी दोन कुंचले घेऊन भिडल्या, एक उजवीकडून, एक डावीकडून. मी घमेलं धरून मधे. दीड वर्षात त्या दोघींना मी भिंतीच्या दोन बाजूंनीच बोलताना पाहिलं होतं; कुंचल्याचा फटकारा एवढा सारखा पडेल असं वाटलं नव्हतं. नणंद न्हाणीतून डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "दिसतंयच की सगळं!" खरंच दिसत होतं. ओला चुना पाण्यासारखा, त्यातून एकेक डाग स्वच्छ.

"वाळू दे," आत्याबाई म्हणाल्या आणि शांतपणे शिऱ्याला रवा भाजायला बसल्या. मी दर पाच मिनिटांनी भिंत बघून यायचे. दोन वाजता निम्मे डाग गेले. तीन वाजता सगळी खोली एकसारखी आभाळी झाली होती. फक्त वर पत्र्याजवळ, कुंचला पोचला नव्हता तिथं, एक हिरवा ठिपका राहिला.

राहता राहिला वास. उग्र कमी झाला होता, पण होता. खाला म्हणाल्या, "ऊद जाळू का?"

"नगं भाभी. ऊद जाळला की मानूस इचारतंय, काय झाकताय म्हनून. वास झाकायचा न्हाई, त्याला धनी द्यायचा. झाडाची जांभळं किती निघतील?"

पाहुणे आले तेव्हा खोलीच्या मधोमध खालांची परातभर जांभळं होती, मीठ लावलेली. मास्तर आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. नाक वर केलं. आतल्या दाराच्या पडद्यामागं नणंदेनं माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होता.

"जांभळं!" मास्तर म्हणाले. "उंबऱ्यापर्यंत घमघमाट आला."

"हितल्याच झाडाची हायती. घ्या," आत्याबाई म्हणाल्या.

मास्तरांनी घेतली. अर्धी परात घेतली. मग मुलाला, बायकोला आणि आम्हा सगळ्यांना ते दारूच्या दुष्परिणामांवर तासभर सांगत राहिले, आणि त्यांची जीभ, ओठ, मिशीची कड सगळं जांभळं झालं होतं. मुलगाही जांभळा. नणंद पाणी घेऊन गेली तेव्हा त्यानं लाजून हसायला तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. तीही हसली. माझ्या मते लग्न तिथंच ठरलं. मास्तर पाणी प्यायले. दोन तांबे प्यायले.

उठताना मुलाच्या आईनं भिंतीवरून हात फिरवला. "हा रंग कुठला हो? आमच्याकडं पांढऱ्याशिवाय काही माहीत नाही. किती गार वाटतं इथं."

मी रसानं चिकटलेलं डोकं पदराखाली झाकून जमिनीकडे बघत होते. आता आत्याबाई काय म्हणतील ते त्यांनी म्हणावं, एवढाच विचार.

"सुनेला इचारा," आत्याबाई म्हणाल्या. "तिच्यामुळंच झालाय ह्यो रंग. शिकलेली हाय ती."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला आजतागायत कुणी एवढं सोलून एवढं सजवलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "पाया मागनं पड. आदी डोकं धू, गांधीलमाशा येतील." आणि यांना काही सांगायचं नाही, असं खालांसमोर बजावलं. यांना ती निळी खोली फार आवडली. का निळी, ते यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

लग्नासाठी शिरूरला गेलो तेव्हा मास्तरांच्या घराची पुढची खोली निळी होती. नणंदेनं मला कोपरानं ढोसलं आणि आम्ही दोघी तोंडावर पदर धरून मंडपामागं गेलो. तिथं आत्याबाई आधीच उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून.

सिरका मी पुढच्या वर्षी पुन्हा केला, चिनीमातीच्या बरणीत, वर मलमलचा दादरा. दादरा आत्याबाईंनी स्वतः बांधला. गाठ मारून बोट आत घालून बघितलं, सैल आहे ना, म्हणून. झकास झाला. यांनी एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "आई, ओवा दे गं."