न जळणारी वायर

पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी मेंटेनन्सला सुपरवायझर होतो, तिथे विजेच्या मोटारींच्या कॉइल्स वार्निशमध्ये बुडवून भाजायची एक भट्टी होती. भट्टी कसली, वैरीण होती माझी. चालायची विजेवर. आतल्या हीटरपासून बाहेरच्या पॅनेलपर्यंतच्या वायरी तिच्या छपराच्या पोकळीतून जायच्या आणि तिथली धग अशी, की साध्या पीव्हीसी वायरीचा बघता बघता पापड व्हायचा. बोट लावलं की तुकडा पडायचा. मग शॉर्ट, मग प्रॉडक्शनवाल्यांचा आरडाओरडा, आणि शिव्या खायला मी. आणीबाणीच्या थोडं आधीची ही गोष्ट.

जळक्या वायरी बदलायला आमच्याकडे रहाटणीचा एक टेंपररी वायरमन होता. घरची शेती, पण भाऊ फार, वाट्याला येणार काय, तर बांध. म्हणून कंपनी धरलेली. टेंपररी म्हणजे काय, हे तेव्हा आमच्या पट्ट्यात पोराटोरांनाही ठाऊक होतं. काही महिने काम द्यायचं, पर्मनंट करायची वेळ आली की ब्रेक द्यायचा, मग पुन्हा बोलवायचं. हा असा किती वेळा आत-बाहेर झाला होता कोण जाणे. कामाला वाघ होता. छपरावर चढायचा, भाजायचा, खाली उतरून बिडी ओढायचा आणि परत चढायचा.

त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी तळेगावची. पण मुलीच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं की पोरगा पर्मनंट झाल्याचं कळल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. तेव्हा सगळ्याच सोयरिकींत हे चालायचं. मुलीचे बाप जमीन नंतर विचारायचे, आधी ‘पर्मनंट हाय का?’ म्हणायचे. वर्ष होत आलं होतं. पोरीला दुसरी स्थळं येत होती. हे सगळं तो मला वायर ओढता ओढता सांगायचा, माझ्याकडे न बघता.

मी वर्क्स मॅनेजरांकडे त्याचं नाव काढलं. ते म्हणाले, आधी ती भट्टी बंद पडायची थांबवा, मग तुमच्या माणसाचं बघू. ‘बघू’ या शब्दावर माझा नको इतका विश्वास होता. मी येऊन त्याला तसंच सांगितलं, आणि दोघं मिळून वायरीच्या मागे लागलो.

जिथून मिळेल तिथून नमुने आणले. रबराची वायर, अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेली, काचेच्या धाग्याची वेणी असलेली, आणि मुंबईच्या एका विक्रेत्याने दिलेला टेफ्लॉनचा हातभर तुकडा. पुस्तकातले आकडे बघत बसण्यापेक्षा मी सगळे तुकडे एका तारेला बांधून छपराच्या पोकळीत लटकवून दिले, कपडे वाळत घालतात तसे. काही दिवसांनी काढले तर रबर तडकलेलं. अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे सुटलेले. काचेची वेणी धगीला टिकली होती, पण वार्निशची वाफ पिऊन चिकट काळी झाली होती, आणि चिकट वेणी म्हणजे आगीला आमंत्रण. टेफ्लॉनचा तुकडा मात्र जसा टाकला तसा. पांढरा, गुळगुळीत, फडक्याने पुसला की नवा. आमचा वायरमन तो बोटांत फिरवून बघत राहिला आणि म्हणाला की साहेब, हिला काय चिकटतच न्हाई.

दर ऐकून खरेदी खात्याच्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. वायर आली ती मात्र आम्ही दोघांनीच बसवायला घेतली. आणि तिथून नवंच सुरू झालं.

दिवसभर वायरीची टोकं सोलायची आणि संध्याकाळी घरी गेलं की त्याला हुडहुडी भरायची. छाती आवळायची, अंग फणफणायचं. एका दिवसाने साफ बरा. पुन्हा वायर, पुन्हा ताप. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलेरिया म्हणून गोळ्या दिल्या. ताप ऐकायला तयार नाही. खाडे पडायला लागले. वस्तीत कुजबुज सुरू झाली. दर दोन दिवसांनी अंथरूण धरणाऱ्या माणसाबद्दल लोक काय बोलणार! लोकांच्या जिभेला कुठे हाड असतं. मला रात्रंदिवस एकच घोर, की आता पर्मनंटचं काय होणार.

उलगडा अगदी सहज झाला. तो मुंबईचा विक्रेता चक्कर मारायला आला, आणि आमचा गडी सोललेल्या वायरीच्या ढिगाशेजारी बिडी शिलगावून बसलेला त्याने पाहिला. तो जवळजवळ धावलाच. म्हणाला, अहो, सोलताना टेफ्लॉनचा बारीक भुगा बोटांना लागतो, बोटांतून बिडीला जातो, आणि बिडीच्या निखाऱ्यावर जळून त्याचा धूर छातीत जातो. त्याचाच हा ताप. भट्टीच्या धगीला न जळणारी ती वायर, बिडीच्या टोकाला हरत होती. मी कपाळाला हात लावला. बिडी बंद झाली, साबणाने हात धुणं सुरू झालं, आणि ताप गेला तो गेलाच. पोराच्या तोंडावर पुन्हा रंग आला.

आणि भट्टी? भट्टी बंद पडायचं नाव घेईना. महिने गेले. मी ऐटीत वर्क्स मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, चहा मागवला. मी वायरमनला पर्मनंट करायचा विषय काढला, तर ते शांतपणे म्हणाले, “आता भट्टीच्या वायरी जळत नाहीत. मग त्याला ठेवून करायचं काय?”

मी बोललो. खूप बोललो. तुम्हीच म्हणाला होतात, म्हणालो. आवाज चढला माझा. त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. युनियनवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले की टेंपररी आमच्यात येत नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि माझ्या पोराच्या तोंडाला पानं पुसलेली. या वेळचा ब्रेक हा शेवटचा होता. त्याने टूलबॉक्स पुसून माझ्या टेबलाशी आणून ठेवला आणि म्हणाला, “वायर लई चांगली निगाली, साहेब.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

चारेक दिवसांनी गेटवरून निरोप आला की तळेगावचा एक पाहुणा भेटायला आलाय. मुलीचा बाप. धोतर, डोक्याला फेटा, हातात पिशवी. समोरच्या टपरीवर मी त्यांना चहा सांगितला. त्यांनी तो प्याला नाही. विचारलं, पोराच्या कामात काही खोट होती का? मी म्हणालो, अजिबात नाही. चोरीबिरी? नाही. दारू, भांडण? छे, तसलं काही नाही. मग ते खाली बघत हळूच म्हणाले, “त्याला ताप येत होता म्हनत्यात. छातीचा आजार हाय का, साहेब? खरं सांगा, माज्या लेकीचा प्रश्न हाय.”

मी जीव तोडून सांगितलं. ती वायर कसली असते, तिचा भुगा, ती बिडी, तो धूर. आता त्याला काहीही नाही, पोरगा ठणठणीत आहे. आणि कामावरून काढलं ते वायर टिकली म्हणून, त्यानेच ती चांगली बसवली म्हणून. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं, की हे सगळं किती खोटं वाटतंय.

म्हातारा शेवटपर्यंत ऐकत होता. मग उठला, पिशवी उचलली आणि मला हात जोडले.

“तुमी भला मानूस हाय, साहेब,” तो म्हणाला, “त्याला झाकताय. पर वायरीनं कुनाला ताप येतो व्हय?”

आणि तो तळेगावची गाडी धरायला स्टेशनकडे चालायला लागला. मी त्याच्यामागे थोडा गेलो. मग परत फिरलो आणि टपरीवाल्याला त्या न प्यालेल्या चहाचे पैसे दिले.