आतोबांच्या नायिकेचा गुन्हा

लिहिलेला एक शब्द खोडायचा म्हटला की आमच्या आतोबांचा जीव जातो. त्यापेक्षा ते सगळं जग त्या शब्दाला साजेसं करून घेतील. निवृत्त झाल्यावर ग्वाल्हेरमधल्या थाटीपूरच्या घरी त्यांनी पहिली कादंबरी लिहायला घेतली आणि ती टाइप करणं हे माझ्या कामांच्या यादीत, गॅस सिलिंडर आणि विजेच्या बिलाच्या मधे, येऊन बसलं. नायकाच्या पश्चिमेच्या खिडकीतून सकाळचं ऊन येतंय, हे मी दाखवलं, तर त्यांनी खिडकी तशीच ठेवून नायकाला रात्रपाळीची नोकरी लावली. बिचारा आता संध्याकाळी उठतो आणि तिलाच सकाळ म्हणतो. गेटसमोर स्कूटर लावणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी रागाच्या भरात तिसऱ्या प्रकरणात टायफॉइडने मारला. पुढे लग्नाच्या पंगतीत वाढायला तोच हवा होता. खोडणं तर शक्यच नाही, म्हणून त्याचा जुळा भाऊ इंदूरहून आला.

नायिका शालिनी म्हणजे सरळ आमची आत्या. आत्याला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, वळकटीसुद्धा बांधून झाली होती. तेवढ्यात लग्न ठरलं आणि वळकटी ग्वाल्हेरला आली. "निदान कादंबरीत तरी तिला पुण्याला पाठवतो," असं आतोबा मला हळूच म्हणाले होते. त्यांनी लिहिलं, ‘शालिनी उच्च शिक्षेसाठी पुण्याला गेली.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि इथे आमच्या तोंडात दोन्ही भाषा अशा कालवलेल्या की टाइप करताना मलाही काही खटकलं नाही. पुण्याच्या संपादकबाईंचा फोन आला, "बाकी छान आहे हो, पण हिचा गुन्हा काय, ते कुठे आलंच नाही!"

दुसऱ्या कोणी ‘शिक्षण’ केलं असतं. आतोबांनी गुन्हा घातला. शालिनीने इथल्या बाड्यावरच्या बाजारातल्या दुकानातून पितळी कढई पळवली, पुण्याच्या तुरुंगात गेली आणि तिथे सगळ्या कैदिणींना श्रीखंड शिकवलं. संपादकबाई खूश. "आता नक्की छापू," म्हणाल्या. आतोबा पेढे घेऊन आले आणि शेंगा सोलत बसलेल्या आत्याला त्यांनी ते प्रकरण वाचून दाखवलं.

"अहो, मी कढई चोरली?"

"तू नाही गं, शालिनीने."

"शालिनीच्या हनुवटीवर तीळ माझा आहे. घरात दोन कढया पडून राहिल्या आहेत, तिसरी कशाला चोरू मी?"

आम्ही हसलो. आत्या हसली नाही. शेंग हातात तशीच धरून तिने विचारलं, "म्हणजे यातही मी कॉलेजात गेलेच नाही?"

आतोबांनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. कढई, तुरुंग, श्रीखंड, सगळ्यांवर आडव्या रेघा मारल्या. तुरुंग गेला तशा संपादकबाईही गेल्या. "मग राहू द्या," म्हणाल्या.

त्यानंतर आतोबा रोज एक पान लिहितात आणि चहाच्या वेळी आत्याला वाचून दाखवतात. शालिनी आता दुसऱ्या वर्षाला आहे. मधे आत्याने आतोबांकडून वसतिगृहात एकटीची खोली मागून घेतली. माझ्या यादीतलं हे काम काही खोडलं जाईना, म्हणून परवा मी विचारलं, "आतोबा, संपणार कधी हे?"

"परीक्षा झाली की संपवतो, बेटा."

स्वयंपाकघरातून आत्या घाईघाईने ओरडली, "अहो, परीक्षा इतक्यात ठेवू नका हं! माझा अभ्यास व्हायचाय अजून."